गुडघ्याचं ऑडिट

— नाही नाही, केस काढायचं मशीन चालू ठेवा तुम्ही, भीमराजभाऊ, मला गुदगुल्याबिदगुल्या होत नाहीत — फक्त उजवा पाय, बरं का, उजवा! डाव्याला हात लावायचा नाही, तो अजून चालू कंडिशनमध्ये आहे. — हो, डॉक्टरांनी पेनानं बाण काढलाय, दिसतोय मला, तरी सांगितलेलं बरं. अहो, सगळी नोकरी क्वालिटीत गेली माझी, आधी भोसरीत आणि मग चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवायची कंपनी — बाण बरोबर असतो आणि पार्टच उलटा बसतो, हे या डोळ्यांनी कितीदा बघितलंय. उद्धवराव क्वालिटीवाले म्हणून विचारा तिकडं कुणालाही, माझ्या हातून उलटा पार्ट कधी गेटबाहेर गेला नाही. — आणि गंमत बघा, जन्मभर सलूनमध्ये गेलो की कटिंग करणारा बोलतो आणि आपण मान खाली घालून ऐकतो, आणि इथं हॉस्पिटलात मशीनवाला गप्प आणि मीच सुटलोय. सुमन म्हणते, तुम्हाला टेन्शन आलं की तोंड चालतं. टेन्शन कसलं? उद्या सकाळी गुडघ्याची वाटी बदलायची, त्यात टेन्शन ते काय? लोक बायपास करून येतात आणि चौथ्या दिवशी भाजी निवडत बसतात. हे तर आपलं सर्व्हिसिंग. सुमनला मी तेवढंच सांगितलंय — थोडी कुरकुर आहे, डॉक्टर म्हणतायत आत्ताच करून घ्या, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. — सुमन म्हणजे आमची मंडळी हो, ती बाहेर बाकावर बसलीय ना मांडीवर पिशवी घेऊन, तीच. एव्हाना समोरच्या पेशंटच्या सुनेचं माहेर कुठलं, इथपर्यंत पोचली असेल.

तर मी काय सांगत होतो — कॉम्प्युटर. तुम्ही इथं वॉर्डात काम करता, तुम्हाला माहीतच असेल — नाही? कमाल आहे राव तुमची. अहो, आता नुसता गुडघा उघडून अंदाजानं सांधा बसवत नाहीत. आधी स्कॅन काढतात, त्यावरून कॉम्प्युटरमध्ये आपला गुडघा बनवतात, हुबेहूब, हाड न् हाड, हाडांना धरून ठेवणारे पट्टेसुद्धा. मग आपल्याला चालायला लावतात, आपली चाल मोजतात, आणि त्या कॉम्प्युटरमधल्या पायाला तीच चाल देतात. मग त्याच्यात नवा सांधा बसवून बघायचा — या कोनात, त्या कोनात, जरा आत, जरा बाहेर — आणि चालवायचा, बसल्या जागी लाखभर पावलं. कुठं झिजतो, कुठं आवळतो, कुठं ढिला पडतो, सगळं आधीच कळतं. जो कोन बेस्ट, तोच उद्या डॉक्टर आपल्या पायात उतरवणार. हे ऐकलं आणि मी दिव्या मॅडमना म्हणलं — दिव्या मॅडम म्हणजे ती लॅपटॉपवाली इंजिनियर मुलगी, चष्मेवाली — म्हणलं मॅडम, हे तर आमचंच झालं! आम्हीपण गाडी रस्त्यावर यायच्या आधी पार्ट कॉम्प्युटरवर झिजवून बघायचो, फक्त पार्ट तक्रार करत नाही आणि मी करतो. खूप हसल्या. हुशार मुलगी आहे. पण सगळं शिक्षण कॉलेजात झालेलं, कंपनीचं तोंड बघितलेलं नाही. तिथंच घोटाळा झाला.

घोटाळा म्हणजे — घोटाळा नाही म्हणता येणार. आता तुमच्यापासून काय लपवायचं, माझा पाय तुमच्या हातात आहे. त्या दिवशी त्यांच्या लॅबमध्ये गेलो. मोठी खोली, भिंतीला चहूकडून कॅमेरे, जमिनीत वजन मोजणारी पाटी. मला हाफ पँट घालायला लावली, पायभर चकाकणारे गोळे चिकटवले, आणि दिव्या मॅडम काय म्हणाल्या? 'काका, रोज चालता तसंच चाला.' — रोज चालतो तसं! भाऊ, तुमचं कुणी कंपनीत आहे का? मेहुणा? कुठं, महाळुंग्याला? मग विचारा त्याला. ऑडिटर आला की लाइन रोज चालते तशी चालवतात का, विचारा! अहो, ऑडिट आठ दिवसांवर आलं की आमच्याकडं दिवाळी. फरशीवरचे पिवळे पट्टे नव्यानं मारायचे, ज्याला त्याला कोरे हातमोजे, रिजेक्ट मालाच्या पेट्या कँटीनच्या मागं आणि वर ताडपत्री. एक प्रेस मशीन होती, तिच्याखाली तेल गळायचं, काही केल्या थांबत नव्हतं — तर ऑडिटच्या दिवशी तिच्यापुढं शेवंतीच्या कुंड्या मांडल्या. परदेशातनं आलेला साहेब, कुंड्या बघून एवढा खूश, एवढा खूश, की रिपोर्टात लिहून गेला, इथं कामगारांच्या मनाचा विचार होतो. झालं! पुढच्या महिन्यात वरून ऑर्डर — सगळ्या मशीनपुढं कुंड्या ठेवा. माळी भरती केले, भाऊ, माळी! तेल तसंच गळत राहिलं, शेवंती मात्र काय फुलली. — हसू नका, मशीन हलतंय तुमचं.

तर ते रक्तातच भिनलंय. कुणी मोजायला आलं की चांगलं दाखवायचं. मी आधीपासून तयारी केली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांसाठी पांढऱ्या रेघा मारल्यात, त्या रेघेवरून सकाळी चालायची प्रॅक्टिस — छाती पुढं, आधी टाच, मग चवडा, तोंडावर हसू. वॉचमन म्हणाला, काका, पोलीस भरतीला उतरताय काय? आणि लॅबच्या दिवशी सकाळी निगडीला आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून दुखण्यावरचं इंजेक्शन घेतलं. वर गोळ्या. — हो, माहीत आहे, सांगायला पाहिजे होतं. विचारलंपण होतं त्यांनी, आज काही औषध घेतलंय का. मी म्हणलं, फक्त च्यवनप्राश. — आणि चाललो, भाऊ! काय चाललो! या टोकापासून त्या टोकापर्यंत, सव्वीस जानेवारीची परेड. दिव्या मॅडम म्हणाल्या, काका, या वयात एवढी सरळ चाल फार कमी बघायला मिळते. आणि सुमन तिथंच खुर्चीवर बसली होती ना, घरच्या माणसाला बसू देतात, ती म्हणाली, 'अहो, हे अजून माझ्यापुढं चालतात. मलाच धाप लागते.' मी असा फुगलो! परत एकदा चालून दाखवलं, कुणी मागितलं नव्हतं तरी. मग घरी आलो आणि पाय उशीवर ठेवून पडून राहिलो, दुसऱ्या दिवशीपण पडूनच. सुमननं विचारलं तर सांगितलं, पुस्तक वाचतोय. पुस्तक उलटं धरलं होतं असं नंतर लक्षात आलं.

आता तुम्ही म्हणाल, सगळं झकास झालं तर आज घाम कशाला फुटलाय. सांगतो. दुपारी जेवणाचं ताट गेलं आणि दिव्या मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. म्हणाल्या, काका, तुमचा प्लॅन फायनल झाला, बघा. आणि पडद्यावर दोन पाय — नुसती हाडं हो, कमरेपासून खाली — चालायला लागले. टाच, चवडा, टाच, चवडा. कुठं अडखळणं नाही, थांबणं नाही. म्हणाल्या, 'हे तुम्ही. याच चालीवर नवा सांधा बसवून बघितला, त्यावरूनच कोन ठरवलाय, उद्या डॉक्टर त्याच कोनात हाड कापणार.' मी बघतच राहिलो. हे मी? अहो, हा तर तो उद्धव, जो भोसरीहून फर्स्ट शिफ्ट करून यायचा आणि घरचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढायचा, हातात डबा, खिशात पोरांना गोळ्या. मला त्याची फार आठवण आली. खरंच सांगतो, डोळ्यात पाणी आलं. मॅडमना वाटलं, काका टेक्नॉलॉजी बघून भारावले. मला टिश्यू दिला.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, ऑडिटचा धोका ऑडिटच्या दिवशी नसतोच. एकदा काय झालं, कस्टमरची माणसं लाइन बघायला आली, आम्ही सगळ्यात तरबेज पोरं निवडून उभी केली, माल आधीच रचून ठेवला, आणि अशी काय लाइन पळवली की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला पेढे. आणि सोमवारपासून तेच टार्गेट! तुम्हीच करून दाखवलंत की, आता रोज तेवढेच पार्ट पाहिजेत! वर्षभर मेलो त्या टार्गेटखाली, लघवीला जायची सोय राहिली नाही. म्हणजे बघा, दाखवलं ते एका दिवसाचं सोंग, आणि संसार करायचा त्याच सोंगाशी. तसं आता या पायाचं होणार. उद्या माझ्या पायात त्या हाडांच्या माणसाचा गुडघा बसणार आणि चालवायचा मी! तो दोन्ही पायांवर सारखा भार टाकतो, मी सगळा डाव्यावर टाकतो आणि उजवा नुसता सोबतीला घेतो. उद्या तो आतनं झिजला, ढिला पडला, तर बोलायचं कुणाला? कॉम्प्युटर म्हणेल, मला जे दाखवलं त्यात मी चुकलेलो नाही. आणि खरं आहे त्याचं.

— खरी चाल? खरी चाल कशी म्हणजे… आता तुम्ही मशीनच बंद केलंत, म्हणजे सांगायलाच पाहिजे. सपाट रस्त्यावर ठीक आहे, लंगडतो जरा, लंगडणारे काय जगात कमी आहेत? पण जिना. तिसरा मजला आमचा, चिंचवडची जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. चढताना कठडा धरून कसातरी चढतो. उतरताना उजवा पाय खाली टाकला की गुडघा जातो — जातो म्हणजे, आहे की नाही तेच कळत नाही. एकदा वरून खाली असा आलो की मधल्या पायऱ्या बघितल्याच नाहीत. तेव्हापासून मी — हसायचं नाही हां — मी उलटा उतरतो. तोंड घराकडं, पाठ खाली, दोन्ही हात कठड्याला, आणि एकेक पायरी मागं. दोन वर्षं झाली. खालच्या मजल्यावरची पिंकी, शाळेत जाते, ती मला बघून ट्रक मागं घेताना वाजतो तसा तोंडानं आवाज काढते, पीं पीं पीं. तिला चॉकलेट देतो, म्हणजे बोभाटा नको. आणि लॅबमध्ये बरं का, त्यांच्याकडं जिन्याचीपण टेस्ट होती. मॅडम म्हणाल्या, काका, आता चार पायऱ्या उतरून दाखवा. मी म्हणलं, जिन्यावर नको, आज माझा उपास आहे. काय संबंध? काही संबंध नाही! पण त्या पोरीनं बिचारीनं ऐकलं. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात ना, तसंच जिन्याचंपण, भाऊ. तिथं माणूस उघडा पडतो.

सुमनला? छे! सुमनला कसं कळेल? बाहेर निघालो की मी म्हणतो, तू हो पुढं, मी कुलूप लावून येतो. ती जाते खाली, स्कूटी काढते — स्कूटी तीच चालवते — आणि थांबते. मी कुलूप लावतो, ओढून बघतो, आणि मग निघतो माझा रिव्हर्स. शेवटच्या वळणावर थांबायचं, घाम पुसायचा, सरळ व्हायचं, आणि उरलेल्या पायऱ्या दात खाऊन माणसासारख्या उतरायच्या. ती म्हणते, किती वेळ लावता कुलपाला, आत काय कुबेराचा खजिना आहे? सोसायटीभर सांगत सुटलीय, रिटायर झाल्यापासून यांना कुलपाचं वेड लागलंय. लागू दे. वेडा म्हण, लंगडा नको म्हणू.

— का म्हणजे? तुम्हीपण काय विचारता राव. झाकली मूठ… नाही, जाऊ दे, खरं सांगतो. त्या लॅबमध्ये मी कॅमेऱ्यासाठी चाललोच नव्हतो. माझा ऑडिटर खुर्चीवर बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन. बार्शीला आमचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील चार माणसांत म्हणाले होते, पोरगा कंपनीत आहे आणि अंगानं धड आहे, आणखी काय पाहिजे. बरोबर आहे, दुसरं काही नव्हतंच माझ्याकडं. शेत नाही, घर नाही, या दोनच गोष्टी. त्यातली कंपनी सुटली, रिटायर झालो. राहिली दुसरी. तीपण गेली असं हिला कळलं तर ही काही बोलणार नाही, तोंड वाकडं करणार नाही, तसली नाहीच ती — तेच तर आहे ना, भाऊ! ती काही न बोलता हळू चालायला लागेल. माझ्यासाठी. बागेत जाताना, देवळात जाताना, ही आपलं पाऊल आवरून चालतीय आणि मी शेजारी फरफटतोय. त्याची मला भीती वाटते. उद्याच्या ऑपरेशनची नाही तेवढी वाटत.

म्हणून आता एक काम करा. राहू द्या तो पाय, अर्धा झाला तरी चालेल. दिव्या मॅडम अजून गेल्या नसतील, त्यांना हळूच सांगा, काका बोलावतायत. मी सांगतो त्यांना सगळं, इंजेक्शन, उपास, सगळं, मग ओरडू देत मला किती ओरडायचं ते. पण त्याआधी सुमनला कँटीनला पाठवा. म्हणावं, साहेबांना बिनसाखरेचा चहा पाहिजे, तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या, इथले लोक साखर टाकतात. तेवढ्यात उरकतो मी. तिच्यासमोर नाही होणार माझ्याच्यानं. — काय? उठा की. बसून काय राहिलात? — बोला, बोला, एवढा वेळ एक-दोन शब्दांवर भागवलंत आणि आता… काय सांगितलं? कुणी? सुमननं? दिव्या मॅडमना? कधी, दुपारी? लॅपटॉप घेऊन बाहेर पडल्या तेव्हाच? काय सांगितलं सुमननं?

— 'यांची जिन्यावरची चाल बघितली का? हे उलटे उतरतात.'

— थांबा. थांबा जरा. तिला कसं… स्कूटीच्या आरशात? आरशात वळणाच्या वरचा जिना दिसतो? — दिसत असेल, जिन्याला नुसती जाळी तर आहे. जिन्याकडं पाठ करूनच लावते ती गाडी. मी म्हणायचो, तोंड इकडं करून लाव की, तर म्हणायची, अशीच बरी पडते. आणि मग ते कुलपाचं? ते सोसायटीभर सांगत फिरत होती ते… म्हणजे कुणी विचारू नये की उद्धवरावांना खाली यायला एवढा वेळ का लागतो? आणि लॅबमध्ये म्हणाली, हे अजून माझ्यापुढं चालतात — म्हणजे तीपण ऑडिटच देत होती होय! अहो, मग त्या खोलीत रोजच्यासारखं वागलं कोण? एकटी ती जमिनीतली पाटी!

आणि उद्याचं ऑपरेशन? पुढं ढकललं? परवाच्या पुढं? मॅडम नव्यानं सगळं मोजून कॉम्प्युटरला देणार, डॉक्टरांनी होकारपण दिला — सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून! मग हे केस कशाला काढले हो? तोवर परत उगवतील ना! — काय? सुमन म्हणाली, मॅडमची तयारी होईपर्यंत यांना बोलत ठेवा? अहो, तुम्ही कुठं बोलत ठेवलं, तुम्ही तर दोन शब्दांपलीकडं गेला नाहीत! — हां. तसं सांगितलं होय. फार काही विचारू नका, नुसतं समोर बसा, ते आपोआप बोलतील. बरोबर आहे. बरोबर ओळखते.

— तो कसला आवाज? चाकांचा… व्यायामाचा लाकडी जिना? इथं कॉरिडॉरमध्ये आणला? कॅमेरे पण? आणि ती कुठंय? तिथंच उभी आहे, जिन्यापाशी?

बरं. बरं, उतरतो. आज इंजेक्शन नाही घेतलेलं, मॅडमना सांगा, विचारायच्या आधीच सांगा. तो टॉवेल द्या इकडं. हात नको, भाऊ, मी येतो दारापर्यंत. तुम्ही पुढं जा. आणि तिला कँटीनला पाठवू नका. उलटं उतरताना मागं पायरी किती उरलीय ते दिसत नाही हो, दोन वर्षं नुसतं पायानं चाचपतोय. तिला म्हणावं, खाली उभी राहा आणि पायरी संपली की सांग मला. — जा हो, बघताय काय.